ऑर्डरचे पुतळे

आपल्या लोकांनी सगळ्यात जास्त पैसा कोणत्या कलेवर घातला असेल? कवितेवर नक्कीच नाही. कवितेचं पुस्तक आपण उसनं नेतो आणि परत द्यायचं विसरतो. गाण्यावर घातला, हे खरं. वामनदादा गायला उभे राहिले की आयाबायांनी कनवटीचे पैसे सोडलेत. पण माझ्या हिशेबानं पहिला नंबर पुतळ्याचा. दहा-वीस रुपयांच्या पावत्या फाडून, कधी एका दिवसाची हजेरी देऊन, वस्तीवस्तीत उभा केलेला रंगवलेला पुतळा. निळा कोट, पांढरा शर्ट, लाल टाय, काळ्या काडीचा चष्मा, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हाताचं बोट वर. तुम्ही डोळे मिटले तरी तो दिसतो.

आणि या कलेवर आपण लिहिलं किती? शरद पाटलांनी १९८८ साली अब्राह्मणी साहित्याचं सौंदर्यशास्त्र मांडलं. शरणकुमार लिंबाळ्यांनी १९९६ साली दलित साहित्याचं मांडलं. दोन्हींवर आपण रात्री जागवल्या, एकमेकांची डोकी फोडायची बाकी ठेवली. विषय साहित्याचा होता, तो तेवढाच राहिला. पुतळ्यांकडे बारकाईनं पाहिलं ते लांबून आलेल्यांनी. गॅरी टार्टाकोव्ह नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं दलित कलेवर २०१२ साली इंग्रजी पुस्तक संपादित केलं. निकोला जाऊल नावाचा फ्रेंच माणूस उत्तर प्रदेशातले पुतळे पाहत हिंडला. आपण मात्र पुतळ्यावर दोनदाच बोलतो. एकदा बसवताना आणि एकदा कुणी विटंबना केल्यावर. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला, त्याचा जाब विचारायला रस्त्यावर आलेल्यांवर गोळीबार झाला, दहा माणसं मेली. ज्या वस्तूपायी दहा जीव गेले ती वस्तू बनते कशी, कोण बनवतं, कुणाच्या सांगण्यावरून बनवतं, हे आपल्यातल्या किती पोरांना ठाऊक आहे?

मलाही नव्हतं. म्हणून या एप्रिलच्या आधी नाशकात, पंचवटीच्या अंगाला एका पत्र्याच्या शेडमध्ये तीन-चार दुपारी जाऊन बसलो. मूर्तिकार कुंभार समाजाचा आहे. पावसाळ्यात गणपती, नवरात्रात देवी, आणि फेब्रुवारीपासून बाबासाहेब. मी दारात 'जयभीम' म्हटलं, तो मान वर न करता 'जयभीम भाऊ, कितीचा पाहिजे, बस्ट का उभा?' असं एका दमात म्हणाला. धंद्याचा जयभीम. पण मला तो खटकला नाही. पुढाऱ्यांच्या जयभीमपेक्षा त्यात लबाडी कमी होती.

आधी काम कसं होतं ते सांगतो, कारण पुढची सगळी भांडणं त्यातूनच निघतात. शाडूत पुतळा घडवायचा. त्यावर प्लॅस्टरचा साचा काढायचा, तुकड्यातुकड्यांत. साच्याला आतून मेण लावायचं. रेझिनमध्ये हार्डनर कालवून काचतंतूची मॅट थरावर थर चिकटवायची. सुकलं की तुकडे जोडायचे, सांधे पुट्टीनं बुजवायचे, पॉलिश पेपरनं घासायचं, प्रायमर मारायचा, मग रंग. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती तो स्वतः करतो, पोरांना करू देत नाही. आत पुतळा पोकळ. दोन माणसं सहज उचलतात. जुने पुतळे सिमेंटचे असायचे, आत लोखंडी सळई, जागेवरच घडवलेले, हलवायचं म्हटलं तर फोडावेच लागतील असे. आता फायबर.

शाडूत घडवायला दिवस लागतात, साच्यातून काढायला लागत नाहीत. त्यामुळं नवं घडवणं फार कमी. शेडमध्ये कोट-पँटचं धड एकच आहे. 'मुंडकं बदलायचं,' तो म्हणाला. त्याच धडावर मागच्या साली एका सहकारी संस्थेचे दिवंगत चेअरमन बसून गेले. बोट तेवढं खाली केलं, कोटाला करडा रंग मारला. आता कळलं का, की आपल्या कित्येक पुतळ्यांत मान खांद्यात रुतल्यासारखी का दिसते? धड दुसऱ्याचं आहे. बाबासाहेबांची शरीरयष्टी भारदस्त, आणि साचा एखाद्या सडपातळ माणसाचा. डोकं मोठं, अंग लहान, हात आखूड. इथं मला प्रस्थापित कलासमीक्षकांचा आवाज ऐकू येतो: बेढब, बटबटीत, बाजारू. कॉलेजात असताना मीही त्या आवाजात आवाज मिसळून हसलो आहे. दादरच्या एका मित्राबरोबर एसटीतून जाताना रस्त्याकडेचा पुतळा दिसला की मी खिडकीतून तोंड फिरवायचो. आज ते आठवलं की स्वतःचीच कीव येते.

बेढबपणाला बेढबच म्हणायचं. आपला म्हणून आखूड हात लांब होत नाही. माझं म्हणणं एवढंच की बेढबपणा कुठून आला ते विचारा. तो लोकांच्या रुचीतून आलेला नाही. तो एका साच्यावर दहा ऑर्डरी काढण्याच्या हिशेबातून आलाय. लोकांच्या रुचीतून जे आलंय ते वेगळंच आहे, आणि ते भारी आहे. रंग.

बाबासाहेबांचे आपण पाहतो ते बहुतेक फोटो काळे-पांढरे आहेत. फोटोतल्या कोटाचा रंग कुणाला सांगता यायचा नाही. निळा लोकांनी दिला. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघालं, त्याचा झेंडा निळा. पुढं रिपब्लिकन पक्षाचा निळा. झेंड्याचा रंग लोकांनी कोटावर चढवला. कुठल्या आर्ट स्कूलमध्ये हे ठरलं नाही. वस्तीतल्या कुणीतरी पेंटरला सांगितलं असणार, 'निळा मार, आपला', आणि त्यानं मारला. शंभर गावांत शंभर पेंटरांनी मारला. ब्रांझच्या पुतळ्यात कोटाच्या घड्या दिसतात. रंगवलेल्या पुतळ्यात तो कोट कुणाचा आहे ते दिसतं. हे शत्रूलाही कळतं. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात बदायूँ जिल्ह्यातल्या एका गावात पुतळा फोडला गेला, आणि त्याच्या जागी जो नवा आणून बसवला तो भगव्या शेरवानीत. नाक, चष्मा, बोट सगळं जागच्या जागी. फक्त रंग बदललेला. गावात बोंब झाली आणि दोन-चार दिवसांत पुन्हा निळा मारला गेला. एक डबा रंगाची गोष्ट. ज्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटते त्यानं आपल्या पुतळ्यावर लिहू नये.

आता गिऱ्हाइकं. त्या तीन-चार दुपारींत मी पाहिलेली आणि मूर्तिकाराच्या वहीतली.

शाळा. शिक्षणसंस्थांच्या ऑर्डरी ठोकच्या असतात. महापुरुषांची अख्खी रांग एकदम: फुले, शाहू, आंबेडकर, गांधी, टिळक, विवेकानंद, सावित्रीबाई. अर्धपुतळे, एका मापाचे, एका रंगाचे. शेडमध्ये सात-आठ मुंडकी एका फळीवर वाळत ठेवलेली. सगळ्यांच्या चेहऱ्याला एकाच डब्यातला गुलाबी रंग. मी विचारलं, बाबासाहेब एवढे गोरे? तो म्हणाला, 'शाळावाले उजळ मागतात. सावळा दिला तर परत पाठवतात, म्हणतात मळकट दिसतो.' मळकट! दोस्तांनो, हा शब्द आपल्या बापजाद्यांच्या अंगावर किती वेळा फेकला गेलाय ते मी सांगायला नको. आता तो पुतळ्याच्या ऑर्डरीत आला आहे, आणि कुणी शिवी म्हणून वापरत नाही, क्लार्क साधेपणानं फोनवर सांगतो. ज्या शाळेत सावळी पोरं बसतात तिथं भिंतीवर सगळे महापुरुष गुलाबी. पोरानं काय समजायचं? मूर्तिकाराला मी म्हटलं, एक तरी सावळा करा. त्यानं डब्यात थोडा बर्न्ट सिएना टाकला, ढवळला, आणि एका मुंडक्याच्या गालावर फटकारा मारून मला दाखवला. चेहरा एकदम जिवंत झाला. मग त्यानं ते चिंधीनं पुसून टाकलं. ऑर्डर उजळची होती.

सावित्रीबाईंच्या कपाळावर मोठं कुंकू, हातात पुस्तक. पुस्तक लहान, कुंकू मोठं. एवढंच लिहून पुढं जातो.

धर्मादाय संस्था. यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बागेत किंवा दवाखान्याच्या आवारात पुतळा देतात, आणि चौथऱ्यावरच्या फरशीचा नमुना आधी पाठवतात. नमुन्यात 'सौजन्य' खालची नावं मोठ्या अक्षरांत, बाबासाहेबांचं नाव लहान. शिवाय त्यांना बोट नको असतं. 'शांत मुद्रा पाहिजे,' असं वहीत लिहिलेलं मी वाचलं. हात छातीशी, पुस्तक दोन्ही हातांत धरलेलं, ओठांवर किंचित हसू. जणू भजनाला बसलेत.

बोटाची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. संसदेच्या आवारातला ब्रांझचा पुतळा ब्रह्मेश वाघांनी घडवला, स्मारक समितीनं तो दिला, २ एप्रिल १९६७ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी अनावरण केलं. म्हणजे तोही ऑर्डरचाच. त्यात उजवा हात उंचावलेला, बोट पुढं, डाव्या हातात संविधान. आपल्या वस्त्यांतले बहुतेक उभे पुतळे त्याची लेकरं आहेत. पण वर उचललेला हात म्हणजे कारागिराची डोकेदुखी. तो वेगळा काढावा लागतो, खांद्यात लोखंडी पाईप घालून जोडावा लागतो. टेम्पोतून नेताना पहिल्यांदा तोच मोडतो. पाईपचे पैसे वाचवले तर दोन उन्हाळ्यांत खांद्याला तडा. म्हणून मूर्तिकारच गिऱ्हाइकाला सुचवतो, 'हात खाली घ्या, स्वस्त पडेल, टिकेल.' शाळावाले आणि संस्थावाले लगेच ऐकतात. वस्तीतली मंडळं ऐकत नाहीत. पैसे कमी असले तर पुतळा अर्ध्या फुटानं लहान करतात, रंग स्वतः मारू म्हणतात, पण हात वरच पाहिजे. वहीत मी मोजलं नाही, पण मूर्तिकारानं सांगितलं की हात खाली असलेला उभा पुतळा त्यानं वस्तीसाठी आजवर एकही दिलेला नाही. ही आहे लोकांची रुची. हिला सौंदर्यदृष्टी म्हणायला तुम्हाला कुठल्या विद्यापीठाची परवानगी पाहिजे?

आता खाजगी गिऱ्हाइक, म्हणजे आपणच. इथं मला जरा चरफडायचं आहे. आपल्यातले जे शिकले, प्रेसमध्ये, रेल्वेत, बँकेत, कॉलेजात लागले, बंगला बांधला, ते दीड फुटी बाबासाहेब मागतात. वास्तूला, रिटायरमेंटला, साखरपुड्यात व्याह्यांना द्यायला. चांगली गोष्ट आहे, घरात बाबासाहेब पाहिजेतच. पण ते म्हणतात, 'निळा नको. ब्रांझ फिनिश द्या.' ब्रांझ फिनिश म्हणजे काय? फायबरच. वरून तपकिरी-सोनेरी स्प्रे, उंचवट्यांवर थोडी जास्त चमक, खाचांत काळपट हात. रंगवलेलाच पुतळा, पण रंगवलेला नाही असं दाखवायला रंगवलेला. मूर्तिकार म्हणतो, मेहनत कमी, पैसे जास्त, कारण डोळे रंगवावे लागत नाहीत. म्हणजे आपल्या दिवाणखान्यातल्या बाबासाहेबांना बुबुळंच नाहीत. काचेच्या कपाटात, टीव्हीच्या शेजारी, निळ्याची लाज वाटून सोनेरी झालेले आंधळे बाबासाहेब. मी हे एका आदरणीय सरांच्या घरी बोललो तर ते म्हणाले, 'अरे, घराच्या रंगसंगतीला निळा जात नाही.' सर, घराचा रंग बदलता आला असता.

याच खाजगी ऑर्डरींत आता रमाई येते. आणि तिथं एक खरा पेच आहे, ज्यावर आपल्यात एकमत नाही. कुंकू द्यायचं की नाही? मूर्तिकार प्रत्येक वेळी फोन करून विचारतो, कारण एकदा एका विहारातून पुतळा परत आला होता, बायांनी कुंकू खरवडून काढायला लावलं. मी त्या बायांचं मन समजू शकतो. पण माझं मत त्यांच्या विरुद्ध आहे. रमाई १९३५ च्या मे महिन्यात गेली. धर्मांतर १९५६ चं. ती ज्या कपाळानं जगली, राबली, ते कपाळ आपण ब्रशनं धुऊन काढायचं? मेलेल्यांना दीक्षा देण्याचा अधिकार मूर्तिकाराला कुणी दिला? ज्यांना पटत नाही त्यांनी पुढच्या अंकात लिहावं, मी उत्तर देईन.

एवढं पाहून झाल्यावर एका संध्याकाळी शेडमधून निघालो आणि चालत काळाराम मंदिराकडं गेलो. जवळच आहे. नाशकात पुतळ्याबद्दल लिहायचं आणि या मंदिराला वळसा घालून जायचं हे मला जमणार नाही. आत काळ्या पाषाणाची मूर्ती. २ मार्च १९३० ला त्या मूर्तीसाठी नव्हे, त्या मूर्तीच्या दारासाठी सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष, २५ बाया, चार दारांवर. दारं बंद. एप्रिलमध्ये रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक, डोकी फुटली. चार-पाच वर्षं हे चाललं, आणि दार उघडलं नाही. ३ मार्च १९३४ ला बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहिलं. आपले लोक मूर्तिपूजक व्हावेत म्हणून मी ही चळवळ केली नाही, त्यांच्यात चेतना यावी म्हणून केली, असा त्याचा आशय. ते पत्र याच नाशिकच्या दादासाहेबांना होतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात पुढची घोषणा झाली. ती सगळ्यांना पाठ आहे.

तर ज्या माणसानं आपल्याला मूर्तीच्या दारातून उठवून दुसऱ्या रस्त्याला लावलं, त्याचीच आपण मूर्ती केली, हा टोमणा आपल्याला नेहमी मारला जातो. आपलेही काही शहाणे मारतात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता, तो तोंडावर फेकतात. मला हा टोमणा अर्धाच लागू वाटतो. शालिमारला जाऊन उभे राहा. बाबासाहेबांचा पुतळा चौकात, उघड्यावर. पुजारी नाही, गाभारा नाही, सोवळं नाही. तिथं १४ एप्रिलला पाय ठेवायला जागा नसते, पण कुणी कुणाला विचारत नाही की तू कोण, कुठला, अंघोळ केली का. वस्तीतल्या पुतळ्याच्या ओट्यावर दुपारी म्हाताऱ्या बसतात, पोरं अभ्यास करतात, मोर्चा तिथूनच निघतो, मयताची बातमीही तिथंच फळ्यावर लागते. दार नाही, म्हणून तो देव नाही. माझी पुतळ्याची कसोटी यातून आली. धड साच्याचं असो, हात आखूड असो. त्याच्यापर्यंत कोण पोचू शकतं, आणि त्याला हात कोण लावू शकतं, हे आधी बघायचं.

हात लावण्यावरून सांगतो. वस्तीतला सिमेंटचा पुतळा दरवर्षी मार्चअखेरीला पोरं स्वतः रंगवतात. चुना-धूळ झाडतात, खरवडतात, ऑइलपेंट मारतात. वीस-तीस वर्षांचे थर एकावर एक. घडवणाऱ्यानं नाकपुडीची केलेली धार थरांखाली गेली, ओठ जाड झाले, डोळे दरवर्षी नव्या पोराच्या हातचे. होता होता तो चेहरा त्या वस्तीतल्या माणसासारखा व्हायला लागतो. माझ्या वस्तीतला पुतळा आमच्या थोरल्या चुलत्यासारखा दिसतो, आणि चुलत्याचा त्यात काही हात नाही. कलेच्या भाषेत याला खराबी म्हणतात, मूळ कलाकृती झाकली गेली असं म्हणतात. पण हा पुतळा कुणा एका कलावंताचा राहिलेला नाही. त्याच्यावर तीस वर्षांच्या पोरांचे हात आहेत. ब्रांझला हे सुख नाही.

आणि आता दारं परत यायला लागलीत. तमिळनाडूत तर कित्येक पुतळे लोखंडी पिंजऱ्यात आहेत, विटंबना होऊ नये म्हणून. आपल्याकडं जाळी, गेट, कुलूप. किल्ली कुणाकडं? कधी पोलीस चौकीत, कधी नगरसेवकाच्या पोराकडं. १८ जानेवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं रस्त्यांवर, सार्वजनिक जागांवर नव्या पुतळ्यांना परवानगी देऊ नका असं राज्यांना सांगितलं. राज्याच्या नियमाप्रमाणं सार्वजनिक पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, म्हणजे बाबासाहेब बाबासाहेबांसारखे दिसतात की नाही ते साहेब लोक ठरवणार. वर्गणीवाल्या मंडळाला हे सगळं झेपत नाही. मग ऑर्डर जाते आवारात: शाळेच्या, संस्थेच्या, बंगल्याच्या. मूर्तिकाराची वही हेच सांगते. खाजगी आणि संस्थांची पानं वाढत चाललीत, मंडळांची कमी. बाबासाहेब संख्येनं वाढतायत आणि दारांच्या आत जातायत.

नियम पाळले म्हणजे पुतळा उभा राहतो असंही नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. आणि ब्रांझचा, राष्ट्रपतींनी अनावरण केलेला म्हणून पुतळा जागेवर राहतो असंही नाही. संसदेतला वाघांचा तो पुतळा २०२४ च्या जूनमध्ये जागेवरून उचलून गांधी-शिवाजी महाराजांच्या पुतळ्यांबरोबर आवारातल्या 'प्रेरणा स्थळा'वर नेला. विरोधी पक्ष ओरडले, काही झालं नाही. आमच्या वस्तीतला बिगरपरवाना सिमेंटचा पुतळा वीतभर सरकवायला या, मग बघू.

ऑर्डर आणि वर्गणी ही काही आपण काढलेली रीत नाही, हेही पोरांनी ध्यानात ठेवावं. त्रिरश्मी लेणी आपल्या उशाशी आहेत. तिथं क्षहरात राजा नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं दान आहे, सातवाहन राणी गौतमी बलश्रीचं आहे, आणि त्यांचे लेख लांबलचक आहेत. पण चैत्याच्या दर्शनी दारावरचा लेख बघा. तिथं राजा नाही, एकाही माणसाचं नाव नाही. धंभिक गावाचं दान, एवढंच. दोन हजार वर्षांपूर्वी एका गावानं पैसे गोळा केले, कारागिराला ऑर्डर दिली, कोरून घेतलं, आणि खाली 'सौजन्य' म्हणून सरपंचाचं नाव टाकलं नाही. शेडमधल्या त्या धर्मादाय फरशीचा नमुना पाहून मला सारखं धंभिक गाव आठवत होतं. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला, बाबासाहेब हयात असताना, भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेऊन फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा अर्धपुतळा बसवला. बाळ चव्हाणांनी घडवलेला. तोही भर चौकात, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर.

आमच्या मंडळाचं काय चाललंय ते सांगून थांबतो, कारण हा लेख तिथूनच सुरू झाला. आम्हाला दादासाहेब गायकवाडांचा पुतळा करायचा आहे. काळाराम सत्याग्रह ज्यांनी नाशकात अंगावर घेतला, नंतर भूमिहीनांचे सत्याग्रह लढवले, त्यांचा वस्तीत एक पूर्णाकृती पाहिजे, असं ठरलं. शिवाय त्यांच्या बाजूला त्या पहिल्या तुकडीतली एक बाई, नाव नसलेली, २५ मधली कुणीही. मी हा प्रस्ताव घेऊन मूर्तिकाराकडं गेलो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'भाऊ, दादासाहेब धोतरातले ना? धोतराचा साचा नाही माझ्याकडं. पुन्हा शाडूपासून करावं लागेल. बाईचं तर सगळंच नवं, तशी बाई कुणी मागितलीच नाही आजवर. नऊवारीचा एक साचा आहे, पण तो देवीचा. हात आठ.'

खर्च त्यानं पाटीवर लिहून दिला. आमच्याकडं जमले त्याच्या अडीचपट.

मंडळाची बैठक झाली. एकानं सुचवलं, दादासाहेबांना पँट घालू, धड तयार आहे, चेहरा तेवढा नवा. दुसरा म्हणाला, बाई रद्द करा. तिसऱ्यानं सांगितलं, एक नगरसेवक सगळे पैसे द्यायला तयार आहे, फक्त फरशीवर नाव. बैठक रात्री बारापर्यंत चालली, शिव्यागाळी झाली, चहा तीनदा झाला. कोपऱ्यात बसलेल्या एका म्हातारीनं शेवटी विचारलं, 'बाईच्या हातात काय देणार?' त्यावर कुणी विचारच केला नव्हता. पुस्तक? झेंडा? काही नाही? ती म्हणाली, माझी सासू होती तिथं, हातात लेकरू होतं तिच्या.

पावत्यांचं दुसरं पुस्तक छापायला दिलंय.